मुक्कामी गाडी

मामांचा उजवा पाय कधी गप्प बसला नाही. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. उभी हयात एसटीवर ड्रायव्हर होते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण ते त्यांच्या पायाला कुणी कळवलंच नव्हतं. टीव्हीवरच्या मालिकेतली सून जिन्यावरून पडायला आली की यांचा पाय खुर्चीपुढच्या फरशीवर करकचून दाबला जायचा. दूध उतू जायला आलं, गल्लीत कुत्रं आडवं आलं, माझ्या नवऱ्याने बोलता बोलता आवाज चढवला, की ब्रेक. त्या फरशीचा रंग तेवढ्याच जागी उडालेला होता. कॉलनीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. "ड्रायव्हर आहेत का?" असं विचारत लोक दाराशी यायचे, आणि ड्रायव्हर बहुतेक वेळा घरी नसायचे.

घरात बसणं त्यांना जमत नव्हतं. चहासुद्धा उभ्याने, बशी एका हातात आणि डोळे दाराबाहेर. "उभ्या गाडीचे टायर आधी जातात," असं म्हणायचे आणि चपला घालायचे. कुठे निघालात विचारलं तर, "हाय जरा काम." काम काही नसायचं. जेलरोडवरून सिटीबस धरायची, ठक्कर बाजारच्या स्टँडवर जायचं, गाड्या सुटताना बघायच्या, एखादी उशिरा सुटली तर आतल्या आत चिडायचं आणि परत यायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "पगार बंद झाला, ड्युटी काय बंद होईना!"

त्यांची बरीचशी नोकरी हरसूलच्या मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी नाशिकहून निघायचं, रात्र गावातच काढायची आणि पहाटे बाजारकरी, शाळा-कॉलेजची पोरं, दवाखान्याची माणसं घेऊन परत यायचं. त्यात डबल ड्युटी लागली की घर लांबच राहायचं. एक गोष्ट ते नेहमी हसत सांगायचे. "एकदा घरी आलो, तं हा," माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून, "आईच्या लुगड्यामागं लपला. म्हणे, आई, पाव्हणा आला! मी खाऊचा पुडा पुढं केला, तं पुडा घेतला आन परत लपला." सगळे हसायचे. मीही हसायचे. हसू संपता संपता त्यांचा पाय फरशीवर दाबलेला असायचा, तो मात्र मी मला मुलगी झाल्यानंतरच पाहिला.

मैत्री तिचं नाव. या गोष्टीच्या वेळी पावणेदोन वर्षांची होती आणि अंगावर पीत होती. वरचं सगळं खायची, भाकरीचा पापुद्रा, वरणभात, आजोबांच्या बशीतला चहासुद्धा. पण झोपायला मीच लागायचे. "दूदू" म्हणत माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरायची आणि पिता पिता झोपायची. दुसरी कुठलीच रीत तिला ठाऊक नव्हती.

आणि मला पुण्याला जायचं होतं. इथे थोडं माझ्याविषयी सांगते. मी माझ्या माहेरची पहिली पदवीधर. माझी आई अंगठा लावते आणि माझ्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी आहे. दोन्ही गोष्टी मी मोठ्याने सांगते, कारण लाजण्यासारखं दोन्हीत काही नाही. एका शिक्षणसंस्थेत ग्रंथपालाची जागा निघाली होती. परीक्षा पुण्यात, आणि पास होणाऱ्यांची मुलाखत दुसऱ्या दिवशी तिथेच. म्हणजे एक रात्र बाहेर. अशी जागा आमच्यासारख्यांना रोज सापडत नाही. मी सोडणार नव्हते. पण दिवस जवळ येऊ लागला तसं मला एका जागी बसवेना. मैत्रीला पाजताना मी तिच्याकडे बघायचे आणि मनात बॅग भरायचे. बॅग भरताना पाहायचे तर हातात तिचंच झबलं असायचं.

आत्याबाईंना यात चांगली संधी दिसली. "जातीच हाय तं पोरीचं दूध सोडवून टाक," त्या म्हणाल्या. "एका रातीनं नाय होणार. पुण्याहून येऊ नको, तशीच माहेरी जा चार दिस. मी बी अशीच इगतपुरीला बहिणीकडं जाऊन बसले व्हते. पोरगं रडलं, रडलं, आन इसरलं. समद्या बाया असंच करतात."

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडे दूध असंच तोडतात; नाहीतर कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावतात. नवऱ्यालाही ते पटलं होतं. मला पटत नव्हतं, पण कारण सांगता येईना. मला जायचं होतं आणि परत येऊन पाजायचं होतं. हे मोठ्याने म्हटलं की हावरटपणा वाटायचा: नोकरीही पाहिजे आणि लेकरूही.

मामा दाराशी उभ्याने चहा पीत होते. ते वळून म्हणाले, "मुक्कामी गाडी सकाळी परत येती का नाय?"

"आता ह्यात गाडी कुठून आली?" आत्याबाई.

"येती का नाय ते सांग. येती. मंग गाव काय रातीतून रूट बंद करून टाकतं? पोरगी तिची, दूध तिचं. ती जाईल आन माघारी येईल. पोरीला मी बघतो."

"तुम्ही? तुम्हाला लंगोट बांधता येत नाय!"

"ब्रेक तं लावता येतो," मामा म्हणाले आणि बशी ठेवून बाहेर पडले.

जाताना मी माझी जांभळी ओढणी मामांच्या हातात दिली. चांगले तीन-चार दिवस मुद्दाम वापरलेली, न धुतलेली, दुधाचा आंबूस वास असलेली. "झोपताना हिला जवळ द्या," एवढंच म्हटलं. मामांनी ती घडी करून खांद्यावर टाकली, युनिफॉर्मचा भाग असल्यासारखी. मैत्री झोपेत असतानाच आम्ही निघालो. घराजवळच्या बिटको थांब्यावर पुण्याची गाडी आली तेव्हा मामा ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाले, "भाऊ, लेकुरवाळी बाई हाय. ब्रेक जपून मार."

पुण्यातलं फार सांगण्यासारखं नाही. दुपारपर्यंत छाती दगडासारखी झाली. परीक्षेच्या हॉलबाहेर कुणाचं तरी मूल रडलं आणि मला पान्हा फुटला. कुर्ता भिजला. एक हात छातीशी आवळून मी बाकीचे प्रश्न सोडवले. मग बाथरूममध्ये जाऊन हाताने दूध काढलं. बेसिनमधून ते पांढरं पाणी वाहून जाताना बघायला नको वाटत होतं, आणि थांबताही येत नव्हतं.

संध्याकाळी फोन केला. मामांनीच उचलला.

"सगळं टायमावर हाय," ते म्हणाले. मागे मूल किंचाळत होतं.

"मामा, मैत्री रडतेय?"

"नाय, नाय. ते शेजारचं पोर हाय."

आमच्या एका बाजूला रिटायर्ड मास्तर आणि त्यांची बायको राहतात आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी आहे. पोर कुठेच नाही. "बरं," मी म्हटलं. त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलायचं आणि मी ते खरं मानायचं, असं न ठरवता ठरलं. "पेपर कसा गेला?" "बरा गेला." "मंग उद्याचं बघ. माघारी बघून गाडी हाकता येत नाय." लॉजमधल्या त्या खोलीत मी कितीतरी वेळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिले.

काय झालं होतं ते नंतर कळलं. आत्याबाईंना मळकं फडकं दिसलं की हात शिवशिवतात. मी गेले त्या सकाळीच त्यांनी ती ओढणी भिजवली, घासली आणि दोरीवर टाकली. त्यांच्या मते मदतच केली. मैत्रीने ओढणी नाकाशी धरली, भिरकावली, आणि तेव्हापासून सूर लावला. मामांनी एवढंच विचारलं म्हणे, "वास बी धुतला का गं?" मग ओली ओढणी खांद्यावर, तिच्यावर नात, असे ते घराबाहेर पडले. गाडी हलत असली की पोर झोपायची. म्हणून त्यांनी दिवसभर सिटीबस सोडली नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, त्याच गाडीने परत यायचं, पोरीने डोळे उघडले की पुन्हा चढायचं. कॉलनीतल्या कट्ट्यावरून कुणी तरी ओरडलं, "काय ड्रायव्हर, ओढणी भारी दिसती तुम्हाला!" मामा चालता चालता म्हणाले, "तुला पायजे? आधी एक रात पोर सांभाळून दाखव, मंग देतो."

दुसऱ्या दिवशी मुलाखत आटोपली आणि मी मिळेल त्या गाडीत चढले. सिन्नर गेलं तशी खिडकीजवळून उठून दाराशी उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, बसा की, स्टॉप लांब आहे." बसवत नव्हतं. बिटकोला उतरले आणि जवळजवळ पळत घर गाठलं.

घरात आत्याबाई एकट्या. "अगं, ते तुला आणायला स्टँडवर गेलेत. पोरीला घेऊन. कवाचे!"

"पण मी बिटकोला उतरते ना नेहमी?"

"मी तेच म्हणलं. तं म्हणे, पुण्याची गाडी डेपोत येती, ड्रायव्हरला शिकवू नको."

मी मामांना फोन लावला. तो टीव्हीवर ठेवलेला होता, तिथेच वाजला.

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी पाणीही न पिता रिक्षा धरली. उपनगर, द्वारका, प्रत्येक सिग्नल लाल. कुर्ता पुन्हा ओला. मनात एकच घोळत होतं: ती रात्रभर रडली असणार, आता थकून विसरली असणार. आत्याबाई म्हणाल्या तसं. रडलं, रडलं, आन इसरलं.

स्टँडवर पुण्याच्या फलाटाशी ते दिसले. जांभळी ओढणी पाठीवरून पुढे बांधलेली, तिच्यात मैत्री, आणि मामा येरझाऱ्या घालताहेत. आलेल्या गाडीच्या कंडक्टरला विचारत होते, "लेकुरवाळी बाई व्हती का हो गाडीत?"

"मैत्री!" मी हाक मारली आणि हात पुढे केले.

तिने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि तोंड फिरवून मामांच्या खांद्यात खुपसलं.

मी तिथेच उभी राहिले. हात पुढेच राहिले होते. मामांचा उजवा पाय फलाटावर दाबला गेला. नेहमीसारखा झटक्याने नाही, सावकाश, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"थांब," ते हळू म्हणाले. "खाऊबिऊ काय पुढं करू नको. बोलू बी नको. बस तिथं."

मी बाकावर बसले. मामा ओढणीची गाठ सैल करून माझ्या शेजारी बसले. मामा बसले, हे सांगायला हवं. टीव्हीसमोरही ते खुर्चीच्या कडेवरच असायचे; असं टेकून बसलेलं मी त्यांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. ते माझ्याकडे बघेनात, मैत्रीकडेही नाही. समोरून सुटणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिले. मीही बघू लागले. एक गाडी गेली. आणखी एक गेली. मग माझ्या मांडीवर काही तरी जड झालं. आधी एक हात, मग गुडघा. मैत्री मामांच्या मांडीवरून सरकत माझ्याकडे आली होती. तिने माझ्या ओल्या कुर्त्याला नाक लावलं. रागाने एक चापट मारली. आणि म्हणाली, "दूदू."

मामा ताडकन उठले. ओढणी सोडली, दोन्ही हातांत पसरून आमच्यापुढे आडवी धरली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आडोशापलीकडून त्यांचा आवाज येत होता, "ओ दादा, पुढं चला, पुढं चला! हिथं जागा नाय!" मैत्री घटाघटा पीत होती आणि मी रडत होते. दोन्हीचा आवाज झाकायला असेल, मामा बराच वेळ ओरडत होते.

ती नोकरी मला मिळाली. मामांनी अख्ख्या कॉलनीत सांगितलं. पण कसं सांगितलं? "सून पुण्याला मुक्कामी जाऊन आली!" त्यांच्या दृष्टीने कर्तबगारी तीच होती. मैत्री पुढे काही महिन्यांनी आपोआप प्यायची थांबली. एका रात्री तिने मागितलं नाही, दुसऱ्या रात्री मला आठवण झाली. मामांना सांगितलं तर म्हणाले, "चला, गावानंच सांगितलं, आता गाडी नको. त्याचं वाईट वाटत नाय." चपला घालता घालता म्हणाले, "वाटतं थोडं."

मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बोलणं थांबलं होतं, पण कॉरिडॉरमध्ये ट्रॉली जोरात गेली की चादरीखाली पाय दाबला जायचा. एका दुपारी नर्सच्या हातून थाळी खणखणत पडली आणि चादर हलली नाही. मी नवऱ्याला म्हटलं, आत्याबाईंना घेऊन ये.

यंदा मैत्री शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी व्हॅन दाराशी आली. ती चढली, मागे न बघता खिडकीशी बसली. व्हॅन कोपऱ्यावर वळली तेव्हा समोरून एक मोटारसायकल आली.

आत्याबाई माझ्या शेजारी उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं, माझ्या उजव्या पायाकडे, आणि पदर तोंडाला लावला.

"गेली व्हॅन," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "आता उचल पाय."