लाल अळ्यांची परात

पत्रकात मी लिहिलं होतं : "आमचा नाला मेला. मारणारा कोण, हे साऱ्या गावाला माहीत आहे." ओळ झकास होती. चंद्रपूरच्या छापखान्यातला माणूससुद्धा वाचून म्हणाला, "जोरदार." आता नाला मेलाय हे गावाला दाखवायचं तेवढं राहिलं होतं. वरच्या अंगाला कोळसा धुण्याची वॉशरी आहे. तिला आणखी वाढायचंय, आणि त्यासाठीची जनसुनावणी तोंडावर आली होती. गावाची हरकत तिथे टिकली नाही, तर नाल्याचं उरलंसुरलं पाणीही काळं होणार.

म्हणून एका सकाळी मी गावाला नाल्यावर बोलावलं. घरची पांढरी परात काठावर ठेवली, हातात पिठाची चाळणी घेतली. धडधाकट नाल्यात दगड उलटला की खाली किडे सैरावैरा पळतात, हे मी नाल्याचं पाणी तपासायच्या शिबिरात शिकले होते. इथे काही निघणार नाही, रिकामी परात मी सगळ्यांसमोर उंच धरीन, असा बेत.

चाळणीभर गाळ काढला, धुतला, परातीत उपडा केला. परात वळवळायला लागली. लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या, एकीवर एक.

"पोरी, तू तं म्हने मेला," गावातले वडीलधारे भाऊ म्हणाले. पत्रकातलीच ओळ मी हरकतीच्या अर्जात घातली होती आणि त्यावर पहिली सही त्यांची व्हायची होती. त्यांनी केली की गाव करणार. "हा तं जित्ता हाये ना व!"

"कागदच मेला तिचा!" मागून एक बाई ओरडल्या. सगळे हसले.

भाऊंनी वाकून चिमटीत एक अळी धरली. "गळाले लावाले एकदम मस्त. चारा आला म्हंजे मासोयाबी येतेत." झालं. निम्मे लोक डबे आणायला घराकडे सुटले. ज्या नाल्याच्या मरणाला मी गाव गोळा केलं, तिथे मासेमारीची तयारी सुरू झाली.

मी ओरडून सांगत होते की पाण्यातला श्वास संपत आला की असल्या अळ्या माजतात, कमी श्वासात जगता यावं म्हणून तर त्या लाल असतात, बाकीचे सगळे गेले म्हणून या एवढ्या!

"म्हंजे जित्ता का मेला?" भाऊंनी विचारलं. "एक सांग."

मला एक सांगता येईना. पत्रकात एकच चालतं.

"मंग चांगल्या नाल्यात काय रायते, ते आनून दाखव. पाह्यल्याबिगर मी सही नाई करत."

मी तावातावाने निघाले. गडचिरोलीच्या पुढे, जंगलातल्या एका गावाला. तिथे ना पाइप, ना कोळशाची धूळ, दोन्ही बाजूंनी नुसतं जंगल. मी दगड उलटला. खाली काही नाही. दुसरा उलटला. काही नाही. होळी अजून लांब होती आणि धार तुटून डबकी झाली होती. पाणी हाताला कोमट लागत होतं, आंघोळीला काढून ठेवल्यासारखं. पाणी तापलं की त्यातला श्वास उडतो, हेही शिबिरातलंच. पण शिबिरात ते कारखान्याच्या गरम पाण्याबद्दल सांगितलं होतं. इथे कारखाना कुठाय?

बऱ्याच वेळाने एक किडा सापडला. चपटा, शेपटीला तीन तंतू, दगडाला घट्ट चिकटलेला.

जिच्या घरी उतरले होते ती बाई घरात गोंडी बोलायची, माझ्याशी मराठी. तिला किडा दाखवला. ती म्हणाली, "याइले पंख फुटते ना. पह्यले होळीच्या टायमाले दिव्यावर येत. औंदा कवा येऊन गेले, का आलेच नाई, समजलंच नाई."

मलाही समजलं नाही. नाला रिकामा होता तो किडे मेल्यामुळे, की उन्हाने घाई केली आणि ते आधीच उडून गेले? मला संताप आला आणि तो कुठे ठेवायचा कळेना. वॉशरीला फाटक आहे, समोर बसता येतं, घोषणा देता येतात. उन्हाच्या कोणत्या फाटकासमोर बसू? ऊन वाढवण्यात कोळशाचा हात आहे, हे ठाऊक होतं. पण तो याच वॉशरीचा, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

किडा दगडासकट बाटलीत घातला, बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं, बसमध्ये मांडीवर धरून परत आणला. भाऊंच्या अंगणात सगळं सांगून टाकलं.

"तिथी वॉशरी नाई, तरीबी नाला खाली?" भाऊ म्हणाले. "हे बोलू नोको व सुनावनीत. ते म्हनतीन, पाहा, आमच्याबिगरबी मरते."

"पण खरं तेच आहे."

"मंग कायले गेली होती तिथी?"

"तुम्हीच पाठवलं, भाऊ!"

त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरून किडा पाहिला. "याले आता कुठी सोडतं? आपल्या नाल्यात?"

"मरेल."

"लालवाले जगते तिथी?"

"ते जगतात. हा नाही जगणार."

"मंग हेच लिव्ह ना. हा इथी जगत नाई म्हनून. 'मेला' काटून टाक, मी सही करतो."

"आणि जंगलातल्या नाल्याचं?"

"ते तू जान. शिकून तू आली."

मी पायरीवर बसून अर्जातलं "मेला" खोडलं. भाऊंनी लिहायला सांगितलेलं वाक्य लिहिलं आणि त्यांनी सही केली. मग ते उठले, कडुनिंबाखालच्या रांजणातलं गार पाणी लोट्यात काढून किडा त्यात सोडला आणि लोटा सावलीला ठेवला.

"माह्या लोट्यात किडे?" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"पाव्हना हाये," भाऊ म्हणाले. "थंड्या पान्यातला."

अर्जातल्या त्या वाक्याखाली मी जंगलातल्या नाल्याबद्दल लिहायला घेतलं. "तिथे वॉशरी नाही, तरीही" इथवर आले. पुढे काय लिहायचं ते कळेना. वाक्य तसंच ठेवलं आणि लोट्यातलं पाणी तापलं तर नाही ना, हे बोट बुडवून पाहायला उठले.