तिचे गुडघे

आमची फाउंड्री आहे. तिच्या कामासाठी वर्षातून दोनदा जपानला जावं लागतं. तिथल्या एका महागड्या न्हाणीघराचा मी नऊ वर्षं नेमाचा गिऱ्हाईक होतो. कसलं न्हाणीघर, ते जाणत्या माणसांना सांगायला नको. परदेशी माणसाला तिथं सहसा दारातूनच वाटेला लावतात. आमचं कास्टिंग घेणाऱ्या तिथल्या कंपनीच्या मॅनेजरनं शब्द टाकला म्हणून मला आत घेतलं, आणि त्याचाही मला माज होता.

दरवेळी मी एकाच बाईला मागून घ्यायचो. ती दारात गुडघे टेकून वाकायची, माझे मोजे काढायची, कोपर बुडवून पाण्याची ऊब बघायची. मी बुटक्या स्टुलावर बसलो की समोर फरशीवर गुडघ्यांवर बसायची, माझा पाय मांडीवर घ्यायची आणि एकेक बोट धुवायची. पुढचं आता धड आठवत नाही. लाज वाटायची, पण परतीच्या विमानात. घरी पोचेपर्यंत तीही पुसली जायची.

गेल्या साली दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बायको मला तेल-उटणं लावत होती. मी पाटावर, डोळे मिटून. पाठ झाली, हात झाले. ती पुढे येऊन उकिडवी बसली आणि मी पाय उचलून सरळ तिच्या मांडीवर ठेवला. लग्नाच्या एकतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

तिचा हात थांबला. ही सवय कुठली, असं तिनं विचारलं. खोटं बोलण्यात मी काही कमी नाही, पण तेल लावून उघडा बसलेला माणूस काय खोटं बोलणार? जपानातली, म्हणालो. तिला सगळं कळलं. आता ही कडाडणार म्हणून मी मान खाली घातली.

"फरशीवर बसती व्हय ती?" तिनं विचारलं. "गुडघं दुखत न्हाईत तिचं?"

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत ते कधी मनातही आलं नव्हतं. बायकोनं पाय धुतला, पाणी ओतलं आणि ओवाळणीच्या तयारीला निघून गेली.

पुढच्या दौऱ्यात मी परत तिथं गेलो. देवाशपथ, एवढंच बघायला. ती वाकली, मोजे काढले, आणि उठताना तिनं टबाचा काठ धरला. तोंड जरा वाकडं झालं, मग ती हसली. हे पहिल्यापासूनच होत असणार. मी मोजे घालून बाहेर पडलो.

तेव्हापासून आंघोळीला बसलो की पायाशी कुणीतरी बसलंय असं वाटतं. मला भीती वाटते. दोन तांबे ओतून उठतो.

घरात तसं सगळं चालू आहे, जेवण, डबा, पाहुणे. यंदा दिवाळीला बायकोनं उटण्याची वाटी न्हाणीत माझ्यापुढं ठेवली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. दाराखालच्या फटीतून तिचे पाय दिसत होते.

"दुखत्यात गं तिचं गुडघं," मी आतून म्हणालो.

पाय थोडा वेळ तिथंच थांबले, मग गेले.