न आलेल्या माणसांची रांग

साऱ्या नागपुरात अजून न वसलेल्या वस्तीची काळजी वाहणारे एकच गृहस्थ होऊन गेले, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. नगररचनेच्या कचेरीत ते बऱ्या हुद्द्यावर होते. नकाशावर रस्ता आखायचा आणि जेवणाच्या सुट्टीत छत्री घेऊन त्या न झालेल्या रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, ही त्यांची रीत. तिथे पुढे राहायला येणारी माणसं त्यांना दिसत. घरीही जेवायला बसले की बाजूला जागा सोडत. आमच्या आक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, काही न विचारता तिथे पाण्याचा तांब्या ठेवत. हे पाहून पाहुणे लवकर उठत.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. स्टेशनजवळची झोपडपट्टी उठवून तिथे मोठा बसस्टँड आणि दुकानं करायचं ठरलं. झोपड्यांतल्या लोकांना शहराच्या टोकाच्या नंदनवन वस्तीच्याही पलीकडे, मोकळ्या रानात प्लॉट मिळणार होते. तिकडे बस जात नव्हती. म्हणजे ज्यांची कामं शहरात, त्यांनीच शहरापासून पायपीट करायची. वरचे साहेब म्हणाले, "आधी वस्ती तर होऊ द्या. रिकाम्या जागी बस कोणासाठी पाठवायची?"

"रिकामी नाही साहेब," साडू शांतपणे म्हणाले. "माणसं उभी आहेत तिथे."

कचेरीत हशा पिकला. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मीही हसलो होतो. मग एका दुपारी ते मला तिकडे घेऊन गेले. वैशाखातली लू वाहत होती, चिटपाखरू नव्हतं. एका बाभळीपाशी थांबून म्हणाले, "रांगेत या. मधी नका घुसू." मी मुकाट्याने त्यांच्या मागे उभा राहिलो. जरा वेळाने मानेला कुणाचा तरी श्वास लागला आणि ओल्या कोथिंबिरीचा वास आला. मी वळणार तोच साडू म्हणाले, "मागं नका पाहू. बाईच्या डोक्यावर टोपलं आहे, धक्का लागन." लूला कोथिंबिरीचा वास कुठून येणार? माझं हसू तिथेच आटलं.

पुढे त्यांनी साहेबांनाच गाठलं. जागा दाखवतो म्हणून नेलं आणि नंदनवनपाशी जीप थांबवून त्यांना पायी चालवलं. पुढचं मला खुद्द साहेबांनी एका लग्नात सांगितलं. "अर्ध्या वाटेत मी विचारलं, मागे इतके लोक काहून येऊन राहिले? तर तुमचे साडू म्हणतात, कामावरून परतून राहिले साहेब, थकले आहेत, जरा हळू चाला." साहेबांची वळून पाहण्याची हिंमत झाली नाही. कचेरीत येताच त्यांनी हुकूम काढला, आधी बस, मग माणसं.

स्टेशनजवळची जागा मात्र बसस्टँडला आणि दुकानवाल्यांनाच गेली. ते साडूंना रोखता आलं नाही. पण लोक राहायला आले तेव्हा बस दारात होती. पहिल्या दिवशी एक भाजीवाली साडूंना म्हणाली, "जरा सरका जी, टोपलं लागन." ते सरकले आणि बस सुटेपर्यंत चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर त्यांना कोणी दिसेनासं झालं. तुमच्याआमच्यासारखे ते सुट्टीत डबा खाऊन पेपर वाचू लागले. मी आक्कांना म्हणालो, "बरं झालं, सुटले एकदाचे."

आक्का गहू निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बरं तं झालं भाऊजी. पण संध्याकाळी दार उघडं टाकून बसून राहतात. विचारलं तं म्हणतात, आता आपल्याकडे कोणीच काहून येऊन नाही राहिलं?"