विजयश्रीच्या हातची ओटी

तुमच्या लेकीसुनेच्या डोहाळेजेवणाला मूल नसलेल्या बाईच्या हातून ओटी भरून घ्याल? पटकन ‘हो’ म्हणू नका. मीही म्हणायचे.

विजयश्री लातूरकडची, चाकणच्या एका वायरिंग कंपनीत आठ वर्षं लाइनवर. टेस्ट ट्यूब बेबीचे तिचे तीन प्रयत्न फसले. तिन्ही वेळा गर्भ तिसऱ्या दिवशी वाढायचा थांबला. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. आणि मी, तिच्या युनियनची पुढारी? कंपनीच्या गेटवरच्या सभेत माईकवर ओरडले, “कंपनीच्या केमिकलनं हिची कूस जाळली!” टाळ्या पडल्या. ती मान खाली घालून उभी.

नंतर तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, ते केमिकलचा दाखला द्या म्हणून भांडायलाच. डॉक्टर प्राजक्ता शांतपणे म्हणाल्या, “ताई, डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. कुठला भाग उघडायचा, कुठला मिटायचा, त्याच्या खुणा एन्झाइम त्या रिळांवर करतात, पुसतात. पहिले दोन-तीन दिवस गर्भ आईच्या बीजातल्या शिदोरीवर चालतो. हे एन्झाइमही त्यातलेच. मग त्याला स्वतःची जनुकं उघडावी लागतात. हिचे गर्भ तिथंच अडतात. खुणांचा घोळ असू शकेल. खात्री देणारी तपासणी आमच्याकडं नाही.”

“आणि केमिकल?”

“असेल, नसेल. तुम्ही कशावरून बोललात?”

विजयश्री म्हणाली, “मग कूस जळली न्हाई म्हणा की, ताई. तेवढं माईकवर सांगा.”

सांगते म्हणाले. कंपनीवाले हसतील म्हणून सांगितलं नाही.

महिन्याभरात तिच्या लाइनवरच्या पिंकीचं डोहाळेजेवण होतं, संत तुकाराम नगरात. पहिली ओटी विजयश्रीनंच भरायची, असा पिंकीचा हट्ट. ती खण, नारळ घेऊन आली, तर पिंकीची सासू आक्काबाई दारातच आडवी. “तुझी कूस जळलीया म्हनं. या ताईच बोलल्या की गेटवर! दे इकडं, दुसरी कोन भरंल.”

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. साहेबांच्या टेबलावर मूठ आपटणारी मी, ताटातली कुरडई मोडत बसले. विजयश्रीनं नारळ उंबऱ्यावर ठेवला, चपला घातल्या आणि गेली.

पुढच्या सभेत मी चूक कबूल केली. एक टाळी पडली नाही. विजयश्री आलीच नव्हती.

बायांनो, त्या दिवशी टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. आता तुमच्या घरी ओटी असेल, तर पहिलं बोलावणं तिला धाडा. आणि ती दारात आली, की माझं ते वाक्य तिला ऐकवू नका.