आटलेल्या म्हशीचा पुरावा

मी अध्यक्ष असलेल्या बेलापूरच्या वाचनालयात एक गृहस्थ रोज येतात. उपरण्याने चष्मा पुसून सातासमुद्रापारच्या गोऱ्यांच्या जुन्या वसाहतींतले चेटकिणींचे खटले मोठ्याने वाचतात. "शेजाऱ्याची गाय आटली म्हणून बाईला फाशी! लई अडाणी हुते, अध्यक्ष!" मग पोट धरून हसतात.

गेल्या महिन्यात त्यांची म्हैस आटली. म्हणाले, "तुमची वाचनालयातली झाडूवाली माझ्या गोठ्यात डोकावली हुती. नजर वाईट हाय तिची. काढून टाका."

"मग ते गोरे?"

"त्यांचं सगळं थोतांड. माझी म्हैस खरंच आटलीय!"

ती बाई आपणहून काम सोडून गेली, असं मी गावात सांगितलं. ते खोटं आहे. मीच तिला काढलं.

हल्ली वाचनालय झाडायला कोणी नाही. ते गृहस्थ उपरण्याने बाक झटकतात आणि पुढचा खटला वाचू लागतात. मी ऐकतो.