नारपोलीतला फ्युशिया

भिवंडीच्या अख्ख्या नारपोलीत फ्युशिया फुलवून दाखवला तो माझ्या धाकट्या भावानं, धम्मपालनं. माहीत नसेल तर सांगतो, लाल-जांभळी फुलं, कानातल्या डुलासारखी खाली लोंबतात. थंड हवेचं झाड हाय. इथं पत्र्याखाली माणूस शिजतो, तिथं हे जगायचं कसं? पण आमच्या घरात एकदा मनात घेतलं का झालं.

धम्मपालला यंत्रमागाच्या कारखान्यात मीच लावला. त्याच्या लूमचा कपडा शेठ दुसऱ्यांना दाखवायचा. त्याची बायको रंजिता तिथंच मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. कापसाची धूळ तिच्या छातीत बसली ती बसलीच. आता दाराजवळच्या खाटेवरून उठवत न्हाय.

तिचा भाऊ भाविक महाबळेश्वरला हॉटेलात माळी हाय. दिवाळीला त्यानं हे रोप आणलं. थंडीत त्याला फुलं आली तेव्हा रंजिता म्हणाली, "बुद्ध पौर्णिमेला हीच फुलं मूर्तीपुढं ठेवायची. मी माझ्या हातानं ठेवणार."

बुद्ध पौर्णिमा म्हणजे मे महिना. भाविक फोनवर हसला. धम्मपाल न्हाय हसला.

मार्चातच त्यानं कुंडी दोन घरांमधल्या बोळात नेली, जिथं ऊन येत न्हाय. वर गोणपाट भिजवून टांगलं. ही आमची कारखान्याची रीत. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, मग जमिनीवर पाणी मारायचं.

शेजारची ठकुबाई बोललीच, "काय रे सोमा, झाडाला बी एसी लावला काय?"

मी म्हणालो, "लावला. तुला हवा खायची तर तू पण येऊन बस."

एप्रिलात दुपारी पानं मान टाकायला लागली. भाविकनं बजावलं, "दाजी, माती ओली असेल तर पाणी देऊ नका. ते तहानलेलं न्हाय, उकाड्यानं दमलंय. संध्याकाळी आपोआप उठेल."

धम्मपाल हो म्हणाला. पण पान लटकलं की त्याचा हात तांब्याकडं जायचाच. जन्मभर तेच केलं ना. सूत तुटलं, मार पाणी. लूमवाल्याचा हात हाय तो, कोणाच्या सांगण्यानं थांबत न्हाय.

कळ्या आल्या होत्या, हे मी छातीठोक सांगतो. पौर्णिमा जवळ आली आणि त्या गळायला लागल्या. खोड बुडाशी मऊ पडलं. धम्मपालनं कुंडी उलटी केली तर मुळं काळी, कुजका वास.

खाटेवरून रंजितानं विचारलं, "काय करताय?"

"कुंडी बदलतोय."

"मला वास येतोय. इकडं आणा."

त्यानं गळालेल्यातली एक कळी उचलून तिच्या हातावर ठेवली. मिटलेलीच होती. तिनं ती उशाशी ठेवली, मग खोकला आला.

धम्मपाल मला म्हणाला, "दादा, मीच मारलं."

"गप. भिवंडीच्या मे महिन्यात इथवर तरी कोणी आणलं असतं?"

पौर्णिमेला मूर्ती मी खाटेपाशी आणली. रंजिताला बसवत नव्हतं. धम्मपालनं पाठ धरली, तिनं ती सुकलेली कळी पुढं ठेवली.

"पुढच्या वर्षी भाविकला दुसरं आणायला सांगा," ती म्हणाली.

डॉक्टर पुढच्या वर्षाबद्दल काय बोललेत ते आम्हा दोघांना माहीत हाय. धम्मपाल हो म्हणाला. मग बाहेर गेला आणि रिकाम्या कुंडीवरचं गोणपाट भिजवून आला.