कोरड्या डोळ्यांची कविता

सकाळचे साडेसहा. सन १८२१. स्टॅफर्डच्या एका मागच्या गल्लीत ईनॉक ट्रँटर मांडीवर पट्ट्याने बूट आवळून तळ शिवतो आहे. चौतिशीचा मोची, वर्षभरापासून कवी. आरीच्या प्रत्येक टोच्याबरोबर ओळी पुटपुटतो. मुलगी टॅबिथा गोवराने गेली, तिच्यावरची कविता.

ती कविता गावातल्या श्रीमंत लॅव्हिंग्टनबाई स्वखर्चाने छापून देणार आहेत, पण आधी त्यांच्या दिवाणखान्यात चार मंडळींसमोर म्हणून दाखवायची. मंडळी ऐकतात कमी, कवीकडे बघतात जास्त. कवितेतलं दुःख खरं असेल तर ते अंगावर दिसायलाच हवं, अशी त्यांची पक्की समजूत. मागच्या बैठकीत ईनॉकचे डोळे कोरडेच राहिले.

"ट्रँटर, मुलगी तुझीच ना?" बाईंनी विचारलं होतं. "लोक म्हणतात, कुठून तरी उचललंय."

"रडून झाल्यावर लिहिलं, बाईसाहेब."

"ते इथे कुणी पाहिलं?"

आज दुपारी पुन्हा बैठक. निघताना त्याची बायको केझाया म्हणाली, "खिशात कांदा ने. त्या अत्तरात वास कुणाला येतोय?"

"टॅबीच्या नावाने कांदा चोळू?"

"मग राहू दे. थडग्यावर दगड बसवणं आपल्याच्याने झालं नाही. तिचं नाव कागदावर तरी येईल म्हटलं."

तो कांदा न घेताच गेला. तिसऱ्या कडव्याला खोकला आला. त्याने दाबून धरला, पण तो थांबेना. रुमाल लाल झाला. कुणीतरी हुंदका दिला.

"काळीज फुटलं हो बिचाऱ्याचं!" पाद्रीसाहेब म्हणाले.

एका तरुण बाईंनी तो रुमाल आठवण म्हणून मागून घेतला. लॅव्हिंग्टनबाईंनी छापखानेवाल्याला तिथूनच होकाराची चिठ्ठी पाठवली.

"छापतायत," घरी येऊन ईनॉक म्हणाला.

"रडलास शेवटी?"

"नाही. रक्त पडलं."

केझाया हातातलं भांडं तसंच धरून बसली. तिची आई अशीच गेली होती.

"छातीचं दुखणं आहे, हे सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. म्हणाले, अस्सल कवींना असतंच."

"आणि तू काय म्हणालास?"

"आभार मानले."

उद्या दोन वाजता पाद्रीसाहेबांकडे बैठक आहे. बाईंची गाडी दीडला गल्लीच्या तोंडाशी येईल. टॅबिथाची कविता शेवटी म्हणायची आहे.